सिग्नल पडण्याआधी

रेल्वेच्या सिग्नल यंत्रणेची देखभाल करणारा तंत्रज्ञ प्रवाशांना सहसा दिसत नाही आणि त्याचे काम चोख झाले असेल तर त्याची आठवणही कोणाला होत नाही. गाडी सुटली आणि सुखरूप पोहोचली, एवढेच लोकांच्या लक्षात राहते. पुण्याहून सातारा, कराड, सांगली करीत मिरजेला जाणाऱ्या गाडीचा चालक मात्र रात्रीच्या अंधारात पुढचा रूळ मोकळा आहे की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकत नाही, कारण वेगात असलेली भरलेली गाडी थांबवायला जेवढे अंतर लागते तेवढ्या अंतरावरचे दृश्य इंजिनाच्या दिव्याच्या उजेडात येतच नाही. तो हिरव्या दिव्यावर विसंबून पुढे जातो आणि तो दिवा खरे बोलतो आहे याची हमी कोणीतरी आधीच देऊन ठेवलेली असते. ही हमी देण्याची पात्रता पदवीने किंवा नेमणुकीच्या पत्राने येत नाही. ती शिकाऊपणाच्या काळात, जाणत्या माणसाच्या हाताखाली, सावकाश अंगी बाणते. म्हणूनच सिग्नल विभागातील उमेदवारी कशी चालते, ती कोणाला मिळते आणि तिला पुरेसा वेळ दिला जातो की नाही, हे प्रश्न रेल्वेच्या कार्यालयांपुरते मर्यादित ठेवता येत नाहीत. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून जाणारा लोहमार्ग सध्या ज्या स्थित्यंतरातून जात आहे ते पाहता, या प्रश्नांचा विचार येथील वाचकांनी करणे विशेष गरजेचे आहे.

तीन रुंदींच्या रुळांचा प्रदेश

या मार्गाचा पाया सदर्न मराठा रेल्वे या कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत घातला. कंपनीची स्थापना १८८२ची आणि पुण्याहून मिरज, बेळगावमार्गे लोंढ्यापर्यंतचा तिचा मार्ग सलगपणे खुला झाला तो १८९०मध्ये. हा मार्ग मीटरगेज होता, म्हणजे त्याच्या दोन रुळांमधील अंतर एक मीटर होते. १९०८मध्ये ही कंपनी मद्रास रेल्वेशी जोडली जाऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे अस्तित्वात आली. पुढे १९२७मध्ये बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फुटी रूळ पंढरपूरकडून मिरजेपर्यंत आले आणि १९७१च्या सुमारास पुणे ते मिरज हा मार्ग रुंद, म्हणजे ब्रॉडगेज झाला. बेळगावकडचे रूळ १९९०च्या दशकापर्यंत मीटरगेजच राहिले, त्यामुळे मधली काही वर्षे मिरज जंक्शनात तीन वेगवेगळ्या रुंदींचे रूळ एकत्र नांदत होते. सिग्नलच्या दृष्टीने याचा अर्थ असा की मिरजेच्या तंत्रज्ञाला एकाच आवारात वेगवेगळ्या काळातली यंत्रे सांभाळावी लागत आणि त्याच्या हाताखाली शिकणाऱ्याला एकाच ठिकाणी रेल्वेच्या तांत्रिक इतिहासाचे अनेक थर पाहायला मिळत.

या भागाला हाताच्या कामाची परंपरा नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने ज्या माळरानावर कारखाना उभारला, ती जागा कुंडल रोड स्थानकाजवळची होती आणि पुढे त्या स्थानकालाच किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले. कराडचे रेल्वे स्थानक ज्या ओगलेवाडीलगत आहे, तेथील काचकारखान्याचे ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचले होते. नांगर, कंदील आणि पाणी उपसणारे पंप घडवणाऱ्या या पट्ट्यात शिकाऊ उमेदवार हा शब्द केवळ सरकारी कागदावरचा कधीच नव्हता. वडीलधाऱ्या कारागिराच्या शेजारी उभे राहून, आधी हत्यारे पुसून आणि मग हत्यारे धरून शिकण्याची रीत येथील माणसांच्या परिचयाची होती. सिग्नल विभागातील शिक्षण त्याच रीतीचे असले, तरी एका बाबतीत ते निराळे आहे आणि हे निराळेपण समजण्यासाठी सिग्नल म्हणजे काय ते आधी पाहावे लागते.

‘सिग्नल पडला’ या शब्दांचा अर्थ

रुळांकाठच्या गावांत गाडी येण्याची वेळ झाली की ‘सिग्नल पडला’ असे म्हणण्याची पद्धत होती आणि जुन्या माणसांच्या तोंडी ती अजून आहे. या शब्दांमागे एक यंत्र आहे. खांबावर लावलेली लाल रंगाची पाटी आडवी असली की गाडीने थांबायचे आणि ती खाली झुकली की पुढे जायचे, अशी जुन्या सिग्नलची रचना असे; या पाटीला सेमाफोर म्हणतात. पाटी झुकवणारी तार केबिनमधल्या लिव्हरपासून शेकडो मीटर लांब खांबापर्यंत चाकांवरून ओढलेली असे. ही तार मध्येच तुटली, तर खांबावरच्या वजनामुळे पाटी आपोआप पुन्हा आडवी होई, म्हणजेच यंत्र बिघडले तरी गाडीला ‘थांब’ असेच सांगे. रात्रीसाठी खांबावर रॉकेलचा दिवा असे आणि पाटीबरोबर हलणाऱ्या रंगीत काचांपैकी एक काच त्या दिव्यासमोर येई. रॉकेलची ज्योत पिवळी असल्याने हिरवा प्रकाश दिसण्यासाठी काच मात्र निळसर ठेवावी लागे. नंतर आलेल्या काही सेमाफोरमध्ये पाटी परवानगीसाठी वर उचलली जाई आणि धोका दाखवण्यासाठी खाली येई, तरीही लोकांच्या बोलीने जुना अर्थ सोडला नाही.

पाटी हे यंत्रणेचे केवळ दिसणारे अंग होय. तिच्यामागे इंटरलॉकिंग म्हणजे परस्परबंधन नावाची रचना असते आणि सिग्नल तंत्रज्ञाच्या विद्येचे मर्म या रचनेत आहे. गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणाऱ्या हलत्या जोडाला सांधा म्हणतात. ज्या वाटेने गाडी जायची त्या वाटेवरचे सर्व सांधे योग्य दिशेला वळून कुलूपबंद झाल्याशिवाय आणि वाटेतले फाटक बंद झाल्याशिवाय सिग्नल पडता कामा नये, एकदा सिग्नल पडला की तो परत धोक्यावर येईपर्यंत सांधा हलता कामा नये, आणि परस्परांना छेद देणाऱ्या दोन वाटांचे सिग्नल एकाच वेळी पडता कामा नयेत, हे परस्परबंधनाचे मूळ नियम आहेत. इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी यांनी १८५६मध्ये सांधे आणि सिग्नल एकत्र बांधणाऱ्या यंत्राचे एकस्व घेतले, तेव्हा हे नियम लोखंडी पट्ट्या आणि खाचा यांच्या साहाय्याने पाळले जात. पुढे त्यांची जागा विद्युत रिलेंनी घेतली आणि आता ती संगणकीय यंत्रणा घेत आहेत. साधने बदलली, नियम तेच राहिले.

दोन स्थानकांच्या मधल्या पट्ट्याला ब्लॉक सेक्शन म्हणतात आणि तेथे एका वेळी एकच गाडी असावी हा दुसरा मोठा नियम आहे. एकेरी मार्गावर तो पाळण्यासाठी नीलचे टोकन यंत्र वापरले जाई. कराडहून शेणोलीकडे गाडी सोडायची असेल, तर दोन्ही स्टेशन मास्तरांच्या संमतीने यंत्रातून एक धातूचा गोळा बाहेर निघे, तो गोळा पिशवीत घालून मोठ्या कडीसह चालकाच्या हाती दिला जाई, आणि तो पुढच्या स्थानकाच्या यंत्रात जमा होईपर्यंत दुसरा गोळा कोणत्याही बाजूने निघत नसे. धावत्या इंजिनावर हात पुढे काढून ही कडी झेलणारे आणि देणारे लोक या मार्गावरील अनेकांनी पाहिले असतील. आज हे काम धुरागणक, म्हणजे ॲक्सल काउंटर करतो. सेक्शनच्या एका टोकाला आत गेलेली चाके आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडलेली चाके तो मोजतो आणि आकडे जुळल्याशिवाय मार्ग मोकळा झाला असे मानत नाही.

उमेदवारीची दारे

या क्षेत्रात शिरण्याचे मार्ग दोन आहेत आणि त्यांची गल्लत पुष्कळदा होते. पहिला मार्ग शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ या कायद्याचा. या कायद्याखाली औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून, म्हणजे लोकांच्या भाषेत आयटीआयमधून, इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, वायरमन, फिटर अशा शाखांत उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींना रेल्वेच्या कारखान्यांत आणि शेडमध्ये ठरावीक मुदतीचे प्रशिक्षण मिळते. मध्य रेल्वेच्या २०२४च्या अधिसूचनेत अशा २,४२४ जागा होत्या, वयाची अट १५ ते २४ वर्षे होती आणि विद्यावेतन महिन्याला ७,००० रुपये होते. हे प्रशिक्षण म्हणजे नोकरी नव्हे, मात्र ते पूर्ण केलेल्यांना रेल्वेच्या सर्वांत खालच्या स्तरावरील भरतीत काही जागा राखून ठेवलेल्या असतात. या अधिसूचनेतील पुणे गटाच्या जागा डबे व इंजिनांच्या डेपोंत होत्या, सोलापूर गटात कुर्डुवाडीचा कारखाना होता, आणि ज्याच्या नावातच सिग्नल आहे असा मध्य रेल्वेचा सिग्नल व दूरसंचार कारखाना मुंबईत भायखळ्याला आहे. याचा परिणाम असा की ज्याच्या शेताच्या बांधावरून रेल्वे जाते अशा ताकारीच्या किंवा रहिमतपूरच्या मुलाला कायद्याखालील सिग्नलचे शिक्षण हवे असेल, तर त्याला मुंबईचा रस्ता धरावा लागतो आणि विद्यावेतनाच्या रकमेत त्या शहरात राहण्याची व्यवस्था करावी लागते.

दुसरा मार्ग रेल्वे भरती मंडळाच्या परीक्षेचा आहे. मार्च २०२४मध्ये निघालेल्या तंत्रज्ञांच्या जाहिरातीत सुरुवातीला ९,१४४ पदे होती आणि त्यांपैकी १,०९२ पदे तंत्रज्ञ श्रेणी १ (सिग्नल) या एकाच प्रकारची होती. या श्रेणीचे मूळ वेतन २९,२०० रुपये असून तिला भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र अशा विषयांतील विज्ञानाचे पदवीधर किंवा अभियांत्रिकी पदविकाधारक पात्र ठरतात. त्याखालच्या श्रेणी ३चे मूळ वेतन १९,९०० रुपये असून तिला आयटीआयचे प्रमाणपत्र लागते. सिग्नल विभागासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेलेही चालतात. निवड झालेल्या उमेदवाराला थेट यंत्रणेवर सोडले जात नाही. आधी वर्गातले शिक्षण, मग प्रत्यक्ष स्थानकांवर ज्येष्ठ तंत्रज्ञाबरोबर काम, मग परीक्षा, आणि त्यानंतर त्या त्या यंत्रासाठी सक्षमता प्रमाणपत्र, असा हा क्रम असतो. या विद्येचे देशातले मुख्य पीठ म्हणजे सिकंदराबादची भारतीय रेल्वे सिग्नल अभियांत्रिकी व दूरसंचार संस्था. ती २४ नोव्हेंबर १९५७ रोजी सुरू झाली.

सातारा आणि सांगली हे भरतीच्या तयारीला सरावलेले जिल्हे आहेत. साताऱ्यातील अपशिंगे गावाला मिलिटरी हे विशेषण लागले ते घराघरांतून गेलेल्या सैनिकांमुळे, आणि पहाटे रस्त्यावर धावणारी, अभ्यासिकांमध्ये रात्री जागवणारी मुले येथे प्रत्येक तालुक्याच्या गावी दिसतात. या तयारीत परीक्षा हा शेवट मानला जातो. निकाल लागला, पेढे वाटले, की आयुष्य मार्गी लागले अशी घरच्यांची भावना असते आणि ती समजण्यासारखी आहे. सिग्नलच्या बाबतीत मात्र शिक्षण सुरू होते ते निकालानंतर, आणि परीक्षेत झटपट उत्तर देण्याची जी सवय उपयोगी पडली, तीच सवय येथे आधी मोडावी लागते.

बिघडावे कसे, याचे शिक्षण

शिकाऊ तंत्रज्ञाला पहिला मोठा सिद्धान्त शिकवला जातो तो यंत्र चालावे कसे याचा नसून यंत्र बिघडावे कसे याचा असतो. कोणतेही यंत्र कधी ना कधी बिघडणारच, म्हणून ते अशा रीतीने घडवायचे की बिघाड झाल्यावर गाडी थांबावी. याला सुरक्षित बाजूचा बिघाड म्हणतात. याचे उत्तम उदाहरण म्हणजे ट्रॅक सर्किट. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२मध्ये सिद्ध केलेल्या या रचनेत रुळांचा एक तुकडा विद्युतदृष्ट्या बाजूच्या रुळांपासून वेगळा केला जातो, त्याच्या एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला रिले जोडला जातो. रिले म्हणजे विद्युतप्रवाह मिळाला की उचलला जाणारा आणि प्रवाह गेला की खाली पडणारा एक स्विच. रूळ मोकळा असेल तोवर प्रवाह रुळांमधून रिलेपर्यंत पोहोचतो आणि रिले उचललेला राहतो. गाडी आली की तिच्या चाकांचा लोखंडी आस दोन्ही रुळांना जोडतो, प्रवाह तेथूनच परत फिरतो, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. बॅटरी संपली, तार निसटली किंवा रूळ तुटला तरीही रिले पडतो आणि सिग्नल लालच होतो. हे रिले पडण्यासाठी स्प्रिंगवर न विसंबता स्वतःच्या वजनावर विसंबतात, कारण स्प्रिंग थकते आणि गुरुत्वाकर्षण थकत नाही.

स्थानकाच्या रिले रूममध्ये असे अनेक रिले रांगेने बसवलेले असतात आणि एका गाडीसाठी वाट लावली की ते ठरलेल्या क्रमाने टक् टक् आवाज करीत उचलले जातात. मुरलेला तंत्रज्ञ या आवाजांच्या लयीवरून बिघाड कोठे असावा याचा तर्क करू शकतो, परंतु तोच तंत्रज्ञ शिकाऊ मुलाला बजावतो की तर्क फक्त शोधाची दिशा ठरवण्यापुरता वापरायचा, निर्णय मापकाच्या आकड्यावर घ्यायचा. नकाशा वाचणे, कोणत्या तारेत किती व्होल्ट असायला हवेत ते आधी लिहिणे, मग मोजणे आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवणे, ही शिस्त अंगवळणी पडायला महिने लागतात. बॅटरीच्या खोलीतले कामही याच जातीचे असते. दोन व्होल्टचे ५५ सेल एकापुढे एक जोडून ११० व्होल्ट मिळवायचे, प्रत्येक सेलमधील आम्लाची घनता मोजायची आणि नोंदवहीत लिहायची. हे काम कंटाळवाणे वाटते, पण वीज गेल्यावर सांधे वळवणारी मोटर याच सेलांवर चालते.

शिक्षणाचा दुसरा टप्पा सांध्याजवळचा असतो आणि त्यात पाच मिलिमीटर जाडीची एक लोखंडी पट्टी फार महत्त्वाची ठरते. सांध्यात स्थिर रुळाला, म्हणजे स्टॉक रेलला, एक निमुळता हलणारा रूळ येऊन चिकटतो. त्याला टंग रेल म्हणतात. या दोहोंत फट राहिली तर चाकाची कड त्या फटीत शिरून डबा घसरू शकतो. म्हणून टंग रेलच्या टोकापासून १५० मिलिमीटर अंतरावर पाच मिलिमीटरची पट्टी मुद्दाम मध्ये ठेवून सांधा वळवला जातो आणि अशा स्थितीत सांधा कुलूपबंद होत नाही, सिग्नल पडत नाही, याची खात्री केली जाते. शिकाऊ मुलाच्या दृष्टीने ही चाचणी विचाराला वेगळे वळण देणारी आहे. शाळेत आणि आयटीआयमध्ये यंत्र चालले की गुण मिळतात. येथे यंत्राने चालण्यास नकार दिला की ते उत्तीर्ण ठरते. आपण जोडलेल्या वस्तूत आपणच अडथळा घालून पाहायचा आणि ती अडते की नाही ते तपासायचे, ही स्वतःच्या कामावर अविश्वास ठेवण्याची रीत होय, आणि इतर कारागिरीपेक्षा सिग्नलची उमेदवारी निराळी ठरते ती येथे.

चिठ्ठी आणि दोन किल्ल्या

चालू असलेल्या यंत्रणेला हात लावण्याआधी तंत्रज्ञाने स्टेशन मास्तरला लेखी चिठ्ठी द्यावी लागते आणि कोणते यंत्र, किती वेळ, कशासाठी बंद राहील हे तीत नमूद करावे लागते. रेल्वेच्या बोलीत तिला डिस्कनेक्शन म्हणतात. स्टेशन मास्तरने ती स्वीकारल्यावरच काम सुरू होते आणि काम संपल्यावर, चाचणी दोघांनी मिळून केल्यावर, रिकनेक्शनची नोंद होऊन यंत्र पुन्हा वापरात येते. रिले रूमच्या दाराला दोन कुलपे असतात, एकाची किल्ली स्टेशन मास्तरकडे आणि दुसऱ्याची तंत्रज्ञाकडे, म्हणजे दोघांपैकी एकट्याला आत जाता येऊ नये. गाडी खोळंबलेली असताना, वरून फोन येत असताना, केवळ एक तार घट्ट करायची असताना ही चिठ्ठी लिहिणे वेळखाऊ वाटते आणि ती टाळण्याचा मोह अशाच वेळी होतो. शिकाऊ उमेदवार या बाबतीत पुस्तकापेक्षा आपल्या ज्येष्ठाच्या वागण्यातून अधिक शिकतो. ज्येष्ठाने एकदा चिठ्ठीवाचून काम उरकले, तर वर्गातले सगळे धडे त्या मुलाच्या मनातून पुसले जातात.

काळी जमीन, पाऊस आणि दुसरा रूळ

पुस्तकातली यंत्रणा सर्वत्र सारखी असली तरी जमीन सारखी नसते. आदर्की आणि सालपे यांच्या बाजूला हा मार्ग डोंगराच्या चढउतारातून जातो, तर कराडच्या पुढे तो कृष्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीवर येतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यात पुरलेल्या केबलवर ताण येतो. रुळांखालच्या खडीत माती आणि पाणी साचले की ट्रॅक सर्किटचा प्रवाह एका रुळावरून दुसऱ्या रुळाकडे झिरपतो, रिलेपर्यंत पुरेसा प्रवाह पोहोचत नाही आणि गाडी नसतानाही सिग्नल लाल होतो. ऑगस्ट २०१९च्या महापुरात मिरज आणि कोल्हापूर यांमधील वाहतूक बंद ठेवावी लागली होती. अशा वेळी पाणी ओसरल्यावर प्रत्येक केबलचे आवरण शाबूत आहे का, हे उच्च दाबाच्या मापकाने तारेगणिक तपासावे लागते. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची आणि बैलगाड्यांची रांग फाटकावर लागते आणि गडबडीत एखादे वाहन फाटकाच्या दांड्याला धडकले, तर फाटक सिग्नलशी बांधलेले असल्याने गाडीही अडते. हे सारे ज्ञान या भूमीत, ऋतूमागून ऋतू पाहूनच मिळते.

या नित्याच्या कामात गेल्या काही वर्षांत दुहेरीकरणाची भर पडली आहे. पुणे ते मिरज या सुमारे २८० किलोमीटरच्या मार्गावर दुसरा रूळ टाकण्याचे काम रेल्वेने टप्प्याटप्प्याने हाती घेतले आणि त्याबरोबर मार्गाचे विद्युतीकरणही झाले. दुसरा रूळ येतो तेव्हा स्थानकाची संपूर्ण सिग्नल रचना बदलते, सांधे वाढतात, वाटा वाढतात आणि जुन्या रिलेंच्या जागी अनेक ठिकाणी संगणकीय परस्परबंधन येते. जुनी यंत्रणा काढून नवी चालू करण्याच्या मधल्या काळाला नॉन-इंटरलॉकिंग म्हणतात. त्या काळात यंत्राचे संरक्षण नसल्याने सांधे माणसांनी हाताने वळवून, कुलपे लावून, लेखी परवान्यांवर गाड्या चालवाव्या लागतात. उत्खनन यंत्रांनी खोदकाम चालू असताना एक मीटर खोल पुरलेली केबल तुटण्याचा धोका सतत असतो. शिकाऊ तंत्रज्ञासाठी हा काळ सर्वांत मोठी शाळा आहे, कारण एरवी वीस वर्षांत पाहायला मिळणार नाहीत एवढे बदल त्याला दोन वर्षांत दिसतात. मात्र सर्वांना घाई असते तीही याच काळात, आणि शिकवायला कोणाला उसंत नसते.

दोन अपघातांची साक्ष

घाई आणि अपुरे शिक्षण यांची किंमत काय असते, हे लंडनमधल्या क्लॅपहॅम जंक्शनने दाखवून दिले. १२ डिसेंबर १९८८ रोजी तेथे गाड्यांची टक्कर होऊन ३५ माणसे मृत्युमुखी पडली. नवी तारजोडणी करताना एक जुनी, निरुपयोगी झालेली तार पूर्णपणे कापून बाजूला केली गेली नव्हती. तिचे उघडे टोक हलून पुन्हा चिकटले आणि गाडी उभी असतानाही मागचा सिग्नल लाल झाला नाही. हा असुरक्षित बाजूचा बिघाड होता. अँथनी हिडन यांच्या चौकशीत आढळले की ते काम करणाऱ्या तंत्रज्ञाला आदल्या तेरा आठवड्यांत केवळ एक दिवस सुट्टी मिळाली होती, त्याच्या कामाच्या पद्धतीतील दोष वर्षानुवर्षे कोणी दुरुस्त केले नव्हते आणि जोडणीनंतर तारा मोजून पाहण्याची स्वतंत्र तपासणी झालीच नव्हती. चौकशीने एका माणसाच्या हातावर बोट ठेवून विषय संपवला नाही; त्या हाताला शिकवणारी, तपासणारी आणि विश्रांती देणारी व्यवस्था कोठे होती, हा प्रश्न तिने विचारला.

भारतात २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला, पण सांधा लूप लाइनकडे, म्हणजे बाजूच्या रुळाकडे वळलेला होता आणि तेथे मालगाडी उभी होती. या दुर्घटनेत २९०हून अधिक माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या सर्किटमध्ये बदल करतानाच्या त्रुटी हे कारण नोंदले गेले. त्यांपैकी काही त्या दिवशी फाटकाचे यंत्र बदलताना झाल्या होत्या आणि काही त्याआधीच्या कामात राहून गेल्या होत्या. त्यानंतर देशभर रिले रूमच्या दुहेरी कुलपांची आणि डिस्कनेक्शनच्या चिठ्ठ्यांची तपासणी मोहीम निघाली. नियम त्याआधीही होते. ते माणसाच्या सवयीत उतरले होते की नाही, हा खरा प्रश्न होता, आणि नियम सवयीत उतरण्याचा काळ म्हणजे उमेदवारीचा काळ.

कवच आले तरी

सध्या कवच या स्वदेशी यंत्रणेचा विस्तार होत आहे. रुळांमध्ये बसवलेल्या खुणपट्ट्या, स्थानकावरचे रेडिओ आणि इंजिनातला संगणक यांच्या साहाय्याने चालकाने लाल सिग्नल ओलांडण्याचा धोका दिसताच गाडीला आपोआप ब्रेक लावण्याची तिची योजना आहे; तिच्या ४.० या आवृत्तीला जुलै २०२४मध्ये मान्यता मिळाली. अशा यंत्रणेमुळे तंत्रज्ञाची गरज कमी होईल असा समज होण्याचा संभव आहे, परंतु कवच सिग्नलची स्थिती परस्परबंधनाकडूनच घेते. त्या रचनेतल्या एका तारेने खोटे सांगितले, तर तेच खोटे अधिक वेगाने इंजिनापर्यंत पोहोचेल. यंत्र जितके हुशार होईल, तितकी त्याच्या मुळाशी असलेली तार तपासणारा माणूस प्रामाणिक आणि नीट शिकलेला असण्याची गरज वाढत जाईल.

या दोन जिल्ह्यांत त्यासाठी लागणारी सामग्री आहे. सातारा, कराड, सांगली आणि मिरज येथे तंत्रशिक्षणाच्या संस्था आहेत, सांगलीच्या विश्रामबागेत १९४७पासूनचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि दुहेरीकरणात रुळांकाठून निघालेली जुनी यंत्रे आहेत. त्या यंत्रांपैकी एक सांधा, एक ट्रॅक सर्किट आणि रिलेंची एक रांग एखाद्या आयटीआयच्या आवारात मांडली गेली, तर मुलांना भायखळ्याला जाण्याआधी आपल्याच गावी रिले पडताना पाहता येईल. सिग्नलच्या मूळ नियमांचे सोप्या मराठीतले पुस्तक निघाले, तर मातृभाषेत विचार करणाऱ्या मुलाला नियमाचे कारण समजेल आणि कारण समजलेला नियम घाईच्या वेळीही टिकतो. ज्येष्ठ तंत्रज्ञांच्या कामाच्या तासांत शिकवण्याचे तास वेगळे मोजले गेले पाहिजेत, शिकाऊ उमेदवाराला रिकाम्या जागेवरचा हक्काचा हात समजून राबवणे थांबले पाहिजे, आणि रात्रपाळीनंतरची विश्रांती कागदावर न राहता प्रत्यक्षात मिळाली पाहिजे. घरच्यांनीही रेल्वेत लागलेल्या मुलाला वा मुलीला पगाराबरोबर एवढे अवश्य विचारावे की शिकवणारे कोण आहे आणि शिकायला वेळ मिळतो का.

वाचकांपैकी अनेक जण दिवाळीत कोयना किंवा महालक्ष्मी एक्सप्रेसने गावी आले असतील. गाडी स्थानकाबाहेर लाल दिव्यापाशी उभी राहिली तर चडफड होते, हे खरे. पण त्या दिव्यापलीकडे कोणीतरी सांध्याच्या फटीत पाच मिलिमीटरची पट्टी ठेवून सिग्नल पडत नाही ना, हे पाहत असण्याची शक्यता असते. त्या कामाला लागतो तेवढा वेळ त्याला मिळू द्यावा.